घोयऱ्याचा करदोडा

डालं चंद्रभागाकाकूंनी उचललं. खाली पिठाची परात होती, मधोमध विझलेला दिवा होता आणि पिठावर पावलं उमटली होती.

सगळ्या बाया वाकल्या. मीही वाकले, कारण सगळ्या वाकल्या होत्या. माझा नवरा देविदास जाऊन नऊ रात्री झाल्या होत्या. आमच्याकडची रीत अशी की नवव्या रात्री दिव्याभोवती पीठ पसरायचं, वर कोंबड्या झाकायचं डालं पालथं घालायचं आणि दहाव्याच्या सकाळी बघायचं, गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला. नखं उमटली तर पाखरू, लांब रेघ उमटली तर साप. इवलंसं पाऊल उमटलं तर घरातच परत येणार.

"पाखरू त नाही दिसत," चंद्रभागाकाकू म्हणाल्या. त्या शेजारच्याच, गावातल्या प्रत्येक मयताचं पीठ वाचायला त्यांनाच बोलवायचे. "मानूसबी नाही. चिमट्यानं पीठ उचलल्यावानी दिसते व माय."

तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष काकूंच्या हातातल्या डाल्याकडे गेलं आणि अशी किंकाळी उठली की काकूंनी डालं टाकून दिलं. आतल्या बाजूला कामट्यांना घट्ट धरून घोयरा बसला होता.

घोयरा म्हणजे रंग बदलणारा सरडा. झाडावर राहतो, चालताना दहा वेळा विचार करतो आणि शेपटीची गुंडाळी करून ठेवतो. आमच्या भागात लोक त्याला सापापेक्षा जास्त भितात. चावला तर पाणी मागू देत नाही म्हणतात. मला विचाराल तर त्याच्याइतका गरीब प्राणी मी पाहिला नाही. दहाव्याच्या पत्रावळींसाठी आदल्या दिवशी पळसाच्या पानांचा भारा आणला होता, त्यातून तो आला असणार. पण हे मला फार नंतर सुचलं. त्या वेळी मला काहीच सुचत नव्हतं.

बाया अंगणात पळाल्या. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्या डाल्यापाशी बसल्या. घोयऱ्याने एक डोळा त्यांच्याकडे वळवला. दुसरा डोळा भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्याकडे होता.

"एक डोया माह्याकडे," आत्याबाई हळू म्हणाल्या, "अन् एक बायकोकडे. आला माहा देविदास."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं खरं तर होतं. देविदास तिरळा होता. वाशिमकडच्या त्या गावात तो एकटाच शिंपी, ओसरीवरच त्याचं मशीन. गिऱ्हाईक चेष्टा करायचं, "देविदासभाऊचा एक डोया सुईवर अन् एक गिऱ्हाइकाच्या बायकोवर." तोही हसायचा. कामाला मात्र इतका संथ की पोळ्याला टाकलेला सदरा दिवाळीला मिळायचा. तेव्हा मी त्याचं नाव घेत नव्हते, आता घेते. लग्नाला चार वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता, आणि भादव्यात बाजारातून येताना त्याची सायकल पुलावरून खाली गेली.

बाया परत आल्या त्या माझ्या बांगड्या फोडायला. दहाव्याला आमच्याकडे ते काम असतं. काकूंनी माझा हात धरला. मी दिला. आत्याबाई मध्ये आल्या.

"नवरा घरात हाय. बांगड्या कोनाच्या फोडता?"

"आत्या, तो सरडा हाय!"

"तुमीच म्हने पीठ वाचता. काय वाचलं मंग?"

काकूंनी माझा हात सोडला. माझ्या हिरव्या बांगड्या हातातच राहिल्या आणि मी घोयऱ्याची बायको झाले.

तुम्हाला वाटेल, मी काही बोलले कशी नाही. बोलायला आधी काही वाटावं लागतं. मला भूक लागत नव्हती, झोप येत नव्हती, रडूही येत नव्हतं. देविदासला ओसरीवर आणून ठेवला तेव्हा मी आधी चुलीवरचं दूध उतरवलं होतं. गावाने ते पाहिलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं. "दगडाची हाय," असं माझ्यामागे म्हणत. माझ्या कानावर यायचं. खरं असेल असं वाटून मी भांडी घासत राहायचे.

आत्याबाईंनी ओसरीवर मशीनशेजारी एका डब्यात बाभळीची फांदी रोवली. घोयऱ्याला तिच्यावर बसवलं. मग काळा करदोडा आणला, देविदास लहान असतानाचा, त्यातला तुकडा कापून घोयऱ्याच्या कमरेला बांधला. "गड्याची कंबर उघडी नाही ठेवत," म्हणाल्या. करदोड्याला शिलाईच्या रिळाचा लांब दोरा जोडून त्याचं टोक मशीनच्या पायाला बांधलं. मशीनवर कापड झाकलेलं होतं. सुईखाली कुणाचा तरी अर्धा शिवलेला सदरा तसाच होता आणि बाजूला देविदासची मोठी कात्री. तिला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

"त्याच्या जेवनाचं तू पाय," त्यांनी मला सांगितलं. "बायको हायेस."

मग मी रोज सकाळी बांधावर जाऊन नाकतोडे धरायला लागले. वाटीतलं पाणी तो पीत नाही, हे दोन दिवसांनी कळलं. पानावर पाणी शिंपडलं की थेंब घरंगळतो, त्याकडे एक डोळा लावून बसतो आणि मग सावकाश चाटतो. मेलेला किडा समोर ठेवला तर ढुंकूनही बघत नाही. जिता हवा, हलता हवा. नाकतोडा काडीवर ठेवला की दोन्ही डोळे एकदम पुढे येत. तेवढ्यापुरता तो तिरळा नसे. तोंडातून लांबलचक जीभ सुटायची आणि नाकतोडा गायब. देविदासही सुईत दोरा ओवताना असाच दोन्ही डोळे जुळवायचा. हे मी आत्याबाईंना सांगितलं नाही. आधीच कमी का होतं.

आत्याबाई संध्याकाळी त्याच्याजवळ बसून दिवसभराचं सांगत. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न ठरलं. तो हिरव्याचा पिवळट व्हायचा. "पाय, खुश झाला," त्या म्हणत. काळपट झाला की माझ्याकडे बघत. "काय बोलली वं त्याले?"

मी काही बोललेली नसायचे. पण त्या घरात काळं पडायला एक कारण लागायचं आणि मी हाताशी होते.

नवरात्राच्या सुमारास माझा भाऊ अंबादासदादा आला. ओसरीवर पाय ठेवला आणि त्याने आधी घोयऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या बांगड्यांकडे. मला घेऊन तो विहिरीकडे गेला.

"द्वारके, गावात लोकं काय बोलून राह्यले, मालूम हाय का तुले?"

"हो."

"अकोल्याले बालवाडीच्या बाईचं ट्रेनिंग हाय. राहाची सोय हाय, मंग नोकरी हाय. तू दहावी पास हायेस. माह्या वळखीनं तुही जागा धरून ठेवली. दिवाळी झाली का सुरू होते. भाऊबीजेले येतो, तयार राह्यजो."

"आत्याबाई नाही म्हनतीन."

"अन् तू?"

मी विहिरीत बघत होते. पाणी खाली होतं. मला खरंच कळत नव्हतं की मला जायचंय की नाही. म्हणाले, "मले काहीच वाटत नाही, दादा. वाटलं त सांगीन."

दादाने आत्याबाईंशी बोलून बघितलं. त्यांनी त्याला चहा दिला, बसायला चादर टाकली आणि एकाच वाक्यात वाटेला लावलं. "नवरा घरात असताना बायको गाव सोडते का? तुमच्याकडं असन तशी रीत."

जाताना दादा ओसरीच्या पायरीवर थांबला. दोऱ्याला हिसका बसेपर्यंत घोयरा जमिनीवरून चालत गेला होता आणि तिथेच एक पाय उचलून थबकला होता.

"सरड्याची धाव कुंपनापर्यंत," दादा म्हणाला. "याची त तेवढीबी नाही. अन् तुही बी नाही, द्वारके." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते पाहिलं आणि आत जाऊन कपबशी विसळली.

दिवाळी जवळ आली तसा घोयरा बिघडला.

आधी त्याने खाणं सोडलं. काडीवर नाकतोडा नाचवला तरी डोळा पुढे येईना. मग फांदीवर बसेनासा झाला. सारखा खाली उतरायचा, दोरा संपेपर्यंत चालायचा, ओसरीच्या कडेची माती उकरायचा, थांबायचा, पुन्हा दुसरीकडे जायचा. अंगावर पिवळे ठिपके उठले होते. पोट फुगायला लागलं.

"दिवाई आली ना," आत्याबाई म्हणाल्या. "लोकाइचे कपडे राह्यले शिवाचे. जीव कासावीस होते त्याचा." त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि त्याला उचलून अर्ध्या सदऱ्यावर बसवलं. तो सदऱ्यावरून उतरला, मशीनच्या पायावरून खाली आला आणि पुन्हा कुंपणाच्या दिशेने चालू लागला. आत्याबाईंचं तोंड पडलं.

धनत्रयोदशीच्या सकाळी मी पाणी शिंपडायला गेले तर तो फांदीखाली आडवा पडलेला. करदोडा पोटात रुतला होता. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे पोट फुगून दोन झालं होतं. रंग राखेसारखा. एक डोळा मिटलेला, एक माझ्याकडे.

आणि मला काहीतरी वाटलं. काय, ते तेव्हा धड कळलं नाही. इतक्या दिवसांत तेवढंच.

"आत्याबाई, करदोडा रुतला त्याले. तोडा लागते."

त्या धावत आल्या, बघितलं आणि माझा हात दूर केला. "तोडाचा नाही."

"सैल करा मंग."

त्यांनी गाठ सोडवायचा प्रयत्न केला. गाठ फुगलेल्या कातड्यात गेली होती, नखात येत नव्हती. मग त्यांनी हात काढून घेतला आणि पदरात लपवला.

"करदोडा तोडतेत तो मढ्याचा, द्वारके. जित्याचा नाही तोडत." त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "त्याचा तोडला होता ना त्या दिवशी. माह्या डोयासमोर तोडला. पुन्हा नाही तोडू देत."

"तो मरून राह्यला, आत्याबाई."

"मरू दे मंग करदोड्यासकट!"

आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. त्या खांबाला धरून खाली बसल्या.

मी मशीनजवळ गेले. कात्री उचलली. तिच्या एका कडीला देविदासने अंगठ्याला रुतू नये म्हणून चिंधी गुंडाळली होती, ती मळून काळी झाली होती. मी तिच्यात अंगठा घातला. घोयऱ्याला डाव्या हातात घेतलं. तो फुत्कारलासुद्धा नाही. कात्रीचं टोक कातड्याला लागू न देता करदोड्याखाली सरकवायला फार वेळ लागला. मग कट् असा आवाज झाला.

"गेला," आत्याबाई म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

तो गेला खराच, पण चालत. आधी बराच वेळ माझ्या तळहातावर पडून राहिला. मग एकेक पाऊल हलवत मनगटावर आला. मी हात जमिनीला लावला. तो उतरला आणि अंगणातून निघाला, तोच त्याचा डुलत डुलत चालायचा वेग, पण या वेळी न थांबता. मी मागे गेले. कुंपणाशी शेवग्याच्या बुंध्याखाली माती भुसभुशीत होती. तिथे पोचला आणि पुढच्या पायांनी उकरायला लागला.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या मागे पदराचा आवाज झाला. आत्याबाई येऊन उकिडव्या बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. तो आता डोक्यापासून अर्धा खड्ड्यात गेला होता, शेपूट तेवढी बाहेर. मग बाहेर आला, उलटा वळला आणि मागचं अंग आत घालून बसला. दोन्ही डोळे दोन दिशांना, कुंपणाकडे आणि आमच्याकडे.

"काय करून राह्यला वं तो?" आत्याबाईंनी विचारलं.

मी वाकून बघितलं. त्याच्या अंगाखाली चिंचोक्याएवढं काहीतरी पांढरं दिसत होतं. मग आणखी एक.

"अंडे देऊन राह्यली, आत्याबाई."

वाऱ्याने शेवग्याची चार पानं पडली.

"राह्यली?" त्यांनी विचारलं.

"राह्यली."

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आणि मला हसू आलं. करदोडा, सदरा, चंद्रभागाकाकूंचं पीठवाचन, मी रोज वाढलेले नाकतोडे, सगळं एकदम वर आलं. तोंडावर हात दाबला तरी थांबेना. मला वाटलं, आता ही बाई मला कुंपणावर फेकून देणार. पण आत्याबाईंच्या ओठांचे कोपरे हलले, आणि त्याही हसायला लागल्या, दात नसलेलं तोंड उघडून, आवाज न करता, माझ्या खांद्याला धरून. आम्ही दोघी त्या मातीत बसून पोट धरून हसलो. कुणी बघितलं असतं तर गावाला वर्षभर पुरलं असतं.

हसता हसता त्या थांबल्या. माझ्या खांद्यावरचा हात तसाच राहिला.

"मंग माहा देविदास कुठी गेला वं?"

लहान मूल विचारतं तसं त्यांनी विचारलं. मला त्याचं उत्तर येत होतं. गावाला येत होतं. पण इतक्या दिवसांत ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी माझं मलाही सांगितलं नव्हतं.

"गेले ते, आत्याबाई."

"पुलावरून?"

"पुलावरून."

त्यांनी मान हलवली. हंबरडा फोडला नाही, ऊर बडवला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. घोयरी खड्डा बुजवत होती. मागच्या पायांनी माती ओढायची, पावलांनी थापटायची, पुन्हा ओढायची. तिचं पोट आत गेलं होतं, कातडं लोंबत होतं. करदोड्याचा वळ काळा उमटला होता.

"बायंतीन हाय," आत्याबाई शेवटी म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "पाहत काय बसली? पानी दे तिले."

मी शेवग्याच्या पानांवर पाणी शिंपडलं. ती प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती झाडावर नव्हती, कुंपणातही नव्हती. आत्याबाईंनी खड्ड्याभोवती बाभळीचे काटे रचले, कोंबड्या उकरतील म्हणून.

भाऊबीजेला दादा आला. कसं सांगावं, याची मी मनात जुळणी करत होते, पण आत्याबाईंनी माझी पेटी आधीच ओसरीवर आणून ठेवली होती. चंद्रभागाकाकूही आल्या होत्या; गावात बातमी पसरायला काही लागत नाही.

"आता त सरडाबी बाई निंगाला," काकू म्हणाल्या. "आता तरी काढा तिच्या बांगड्या."

आत्याबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. आत्याबाईंचे स्वतःचे हात तिशीपासून रिकामे होते, हे त्या वेळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

"तुह्या घरच्या हायेत का?" त्या म्हणाल्या. "मंग कायले तुले जड होते?"

दहाव्याला आडव्या आलेल्या आत्याबाईंना सरड्यात खरंच देविदास दिसला होता की माझे हात दिसले होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. दोन्ही दिसलं असेल. एक डोळा इकडे, एक तिकडे.

मी पाया पडले तेव्हा त्यांनी जुन्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. कात्री होती. "ने," म्हणाल्या. "मले दिसत नाही, अन् त्याले लागत नाही."

अकोल्यात मी शिकले. गाणी म्हटली, कागदाची फुलं केली, त्या कात्रीने पुठ्ठ्याचे ससे आणि मोर कापले. रडू मात्र तेव्हाही आलं नाही. इतर मुली घरच्या आठवणीने रडायच्या, मी त्यांची पाठ थोपटायचे. मला वाटायला लागलं होतं की माझं ते राहूनच गेलं, जसे एखाद्याच्या अंगावर देवीचे फोड येतच नाहीत. आत्याबाईंची खुशाली दादा आणायचा. खड्ड्यावर त्या रोज तांब्याभर पाणी शिंपडतात, गावात हसतात म्हणून सांगायचा. हिवाळा गेला, उन्हाळा संपत आला.

एका रविवारी दुपारी दादा आला. ट्रेनिंगच्या फाटकाशी कडुनिंबाखाली आम्ही बसलो. घामाघूम झाला होता, पण पाण्याआधी म्हणाला, "आत्याबाईनं निरोप देल्ला. जसाच्या तसा सांग म्हने."

"काय?"

"'द्वारकीले म्हना, पोरं निंगाले. शेवग्यावर बसले हायेत बोटाबोटाएवढे.'" दादा हसायला लागला. "'अन् म्हना, सगळ्याइचे डोये बापावर गेले.'"

मीही हसले. दादा उठून नळाकडे गेला. मी तिथेच बसले होते, मांडीवर पुठ्ठ्याचा अर्धा कापलेला मोर होता आणि अंगठा त्या काळ्या चिंधीत होता. ती चिंधी ओली व्हायला लागली तेव्हा मला कळलं की मी रडतेय.